‘तो चेहरा मी विसरूच शकत नाही’ म्हणणारा साक्षीदार चुकतो कसा?

जुलै १९८४. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं बर्लिंग्टन शहर. २२ वर्षांची कॉलेज विद्यार्थिनी जेनिफर थॉम्पसन घरात झोपलेली असताना एक अनोळखी माणूस आत घुसला आणि चाकूचा धाक दाखवून त्याने तिच्यावर बलात्कार केला. त्या अवस्थेतही जेनिफरने एक गोष्ट ठरवून केली. त्याचा चेहरा नीट बघून ठेवला. आपण यातून वाचलो, तर याला ओळखता आलं पाहिजे, म्हणून.

ती कशीबशी निसटली. पोलिसांना तिने वर्णन दिलं, त्यावरून रेखाचित्र तयार झालं. काही दिवसांनी पोलिसांनी तिच्यासमोर सहा फोटो ठेवले. तिने त्यातल्या रोनाल्ड कॉटन या तरुणाचा फोटो निवडला. नंतर प्रत्यक्ष ओळख परेड झाली, तिथेही तिने कॉटनच दाखवला. कोर्टात तिने पुन्हा त्याच्याकडे बोट केलं. जानेवारी १९८५ मध्ये कॉटनला जन्मठेप झाली.

तो निर्दोष होता. १९९५ मध्ये डीएनए चाचणीतून ते सिद्ध झालं आणि साडेदहा वर्षांनी तो तुरुंगाबाहेर आला.

जेनिफर खोटं बोलत नव्हती. तिचं कॉटनशी वैर नव्हतं आणि तिला पूर्ण खात्री होती. मग चूक कुठे झाली? उत्तर आपल्या मेंदूत आहे आणि तपासाच्या पद्धतीतही.

ओळखीचा चेहरा इतका सोपा का?

शाळेतला मित्र वीस वर्षांनी लग्नात भेटतो. केस गेलेत, पोट सुटलंय, तरी आपण त्याला ओळखतो. नाव आठवायला वेळ लागेल, पण चेहरा लगेच ‘आपला’ वाटतो.

मेंदूच्या खालच्या बाजूला, कानाच्या मागच्या पट्ट्यात, चेहरे बघितल्यावर विशेष सक्रिय होणारा एक छोटा भाग असतो. त्याला फ्युसिफॉर्म फेस एरिया म्हणतात. नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या भागाचं वर्णन केलं. आपण चेहरा नाक, डोळे, ओठ असा सुटा सुटा वाचत नाही. सगळ्याची मिळून जी ठेवण तयार होते, ती एकदम वाचतो.

हे घरी करून बघता येईल. एखाद्याचा फोटो उलटा धरा. घर किंवा गाडीचा उलटा फोटो ओळखायला फारसा त्रास होत नाही, चेहरा मात्र एकदम अवघड होतो. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये प्रयोगातून हे दाखवलं होतं. फोटो उलटा केला की ठेवण वाचणारी ही यंत्रणा अडखळते.

मग अनोळखी चेहऱ्याचं काय?

इथेच आपला स्वतःबद्दलचा गैरसमज सुरू होतो. ओळखीचे चेहरे पटकन ओळखता येतात, म्हणून आपल्याला वाटतं की आपण सगळेच चेहरे ओळखण्यात हुशार आहोत.

२०११ साली रॉब जेंकिन्स आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना ४० फोटो दिले आणि एकाच व्यक्तीचे फोटो एका गठ्ठ्यात ठेवायला सांगितलं. फोटो फक्त दोन स्त्रियांचे होते, प्रत्येकीचे २०. दोघीही नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध, पण ब्रिटनमध्ये अनोळखी. ब्रिटिश लोकांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. म्हणजे दोन स्त्रिया त्यांना सात-आठ वाटल्या. डच लोकांनी जवळपास बिनचूक दोन गठ्ठे केले.

फोटो तेच होते, फरक ओळखीचा होता. ओळखीच्या माणसाला आपण वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या मूडमध्ये, आजारी असताना, हसताना बघितलेलं असतं. अनोळखी माणसाची आपल्याकडे असते फक्त एक झलक. उजेड, कोन किंवा केस बदलले, की ती झलक निकामी होऊ शकते.

अनुभवानेही हे सुटतंच असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरची व्यक्ती आणि फोटो एकच आहेत का, हे तपासणं त्यांचं रोजचं काम. तरीही दुसऱ्याच कुणाचा फोटो असताना सुमारे १४ टक्के वेळा त्यांनी तो ‘बरोबर’ ठरवला. त्यांची कामगिरी विद्यार्थ्यांपेक्षा सरस नव्हती आणि नोकरीची वर्षं वाढल्याने ती सुधारलेलीही दिसली नाही. लक्षात घ्या, इथे भीती नव्हती, अंधार नव्हता आणि आठवायचंही काही नव्हतं. माणूस आणि फोटो दोन्ही समोर होते.

भीतीच्या क्षणी चेहरा मनावर कोरला जातो का?

आपल्याला तसं वाटतं खरं. पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकन सैनिकांवरचा अभ्यास वेगळं सांगतो. पकडले गेल्यास काय करायचं, याचं प्रशिक्षण घेणाऱ्या सुमारे ५०० जवानांची खोटी चौकशी झाली. एक चौकशी मारहाणीच्या प्रत्यक्ष अनुभवासह, प्रचंड ताणाची; दुसरी तुलनेने शांत. दोन्ही वेळा चौकशी करणारा माणूस अर्ध्या तासाहून जास्त वेळ समोर होता. एक दिवसानंतर त्याला रांगेतून ओळखायला सांगितलं. शांत चौकशी करणाऱ्याला ६२ टक्के जवानांनी बरोबर ओळखलं. भीतीदायक चौकशी करणाऱ्याला फक्त ३० टक्के जवानांनी.

घटना लक्षात राहते, भीती लक्षात राहते. चेहरा तितक्याच स्पष्टपणे राहील असं नाही. त्यात हल्लेखोराच्या हातात शस्त्र असेल, तर नजर चेहऱ्यापेक्षा शस्त्राकडे खेचली जाते.

आठवण कुठून आली, हेही मेंदू विसरतो

आठवण म्हणजे मोबाइलमधला व्हिडिओ नाही. प्रत्येक वेळी आठवताना मेंदू ती नव्याने जुळवतो आणि मधल्या काळात ऐकलेलं, बघितलेलंही तिच्यात मिसळतो.

याचं एक विलक्षण उदाहरण ऑस्ट्रेलियात १९७०च्या दशकात घडलं. डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञाला बलात्काराच्या आरोपावरून पोलिसांनी ताब्यात घेतलं. पीडितेने त्यांना ओळखलं होतं. पण गुन्ह्याच्या वेळी थॉमसन टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमात बोलत होते. हल्ला होण्याआधी ती स्त्री तोच कार्यक्रम बघत होती. चेहरा तिने खरोखर बघितला होता, पण पडद्यावर. हल्लेखोराच्या जागी मेंदूने तो चेहरा बसवला. योगायोग असा की थॉमसन यांच्या अभ्यासाचा विषयच साक्षीदारांची स्मरणशक्ती हा होता.

‘हा चेहरा मी बघितलाय’ ही भावना खरी असू शकते. ‘कुठे बघितलाय’ हे उत्तर मात्र चुकू शकतं.

रांगेसमोर उभं राहिल्यावर काय होतं?

साक्षीदाराला वाटतं, पोलिसांनी बोलावलंय म्हणजे आरोपी सापडला असणार. मग ‘तो यात आहे का?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘यातला सगळ्यात जास्त तसा कोण दिसतो?’ हा प्रश्न पुढे येतो.

मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २०० जणांसमोर गुन्ह्याचं नाटक केलं. निम्म्या लोकांना दाखवलेल्या फोटोंमध्ये खरा ‘गुन्हेगार’ होता. त्यांच्यापैकी ५४ टक्के लोकांनी त्याला निवडलं आणि २१ टक्के लोकांनी कुणालाच निवडलं नाही. उरलेल्या निम्म्या लोकांना दाखवताना गुन्हेगाराचा फोटो काढून टाकला होता. खरं तर ज्या ५४ टक्के लोकांनी त्याला निवडलं असतं, त्यांनी आता ‘यात कुणीच नाही’ म्हणायला हवं होतं. पण ‘कुणीच नाही’ म्हणणारे फक्त ३२ टक्के झाले. बाकीच्यांनी उरलेल्यांमधून कुणाला तरी निवडलंच.

जेनिफरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. फोटो आणि प्रत्यक्ष परेड, या दोन्हींत असलेला कॉटन हा एकमेव माणूस होता. परेडमध्ये तिला दोघांपैकी कोण, असा प्रश्न पडला होता. पण एक चेहरा जास्त ओळखीचा वाटत होता. तो ओळखीचा होताच, कारण काही दिवसांपूर्वी तिने त्याचा फोटो बघितला होता.

खात्री वाढत जाते, अचूकता नाही

परेडनंतर जेनिफरला सांगण्यात आलं की तिने फोटोंमधून निवडलेला माणूसही हाच होता. बोलणाऱ्याचा हेतू धीर द्यायचा असेल. पण अशा एका वाक्याने काय होतं, हे वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये दाखवलं. चुकीचा माणूस निवडलेल्यांपैकी काहींना ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत’ असं सांगितलं. नंतर हेच लोक म्हणू लागले की आम्हाला सुरुवातीपासून खात्री होती, आम्हाला चेहरा स्पष्ट दिसला होता, आम्ही नीट लक्ष देऊन बघितलं होतं. त्यांची खात्रीच नव्हे, तर मूळ प्रसंगाची आठवणसुद्धा बदलली.

कोर्टात पोहोचेपर्यंत जेनिफरच्या मनात कॉटनचाच चेहरा हल्लेखोराचा चेहरा बनला होता. १९८७ मध्ये खटला पुन्हा चालला, तेव्हा बॉबी पूल नावाच्या कैद्याला तिच्यासमोर आणलं गेलं. याला कधी बघितलंय का, असं विचारल्यावर ती नाही म्हणाली. डीएनएने पुढे ज्याच्याकडे बोट दाखवलं, तो हाच पूल.

साक्षीदार फितूर झाला किंवा खोटं बोलला, तर उलटतपासणीत ते बाहेर येऊ शकतं. प्रामाणिकपणे चुकणारा साक्षीदार मात्र उलटतपासणीत डगमगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो खरंच बोलत असतो. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष सुटलेल्यांच्या इनोसन्स प्रोजेक्टने नोंदवलेल्या प्रकरणांपैकी सुमारे ७० टक्के प्रकरणांमध्ये साक्षीदाराने चुकीची ओळख पटवली होती.

आपल्याकडची ओळख परेड कशी होते?

भारतात ओळख परेडला पूर्वी १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ९ चा आधार होता. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७ मध्ये आहे. महाराष्ट्रात परेड कशी घ्यावी, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये दिलं आहे. परेड पोलिसांनी नव्हे, तर दंडाधिकाऱ्याने पंचांसमोर घ्यायची. एक संशयित असेल, तर किमान सहा जण आणि दोन असतील, तर दहा-बारा जण रांगेत हवेत. एका परेडमध्ये शक्यतो दोनपेक्षा जास्त संशयित नकोत. डमी म्हणून उभे केलेले लोक दिसायला संशयितासारखे असले पाहिजेत. अटकेनंतर आरोपीचा चेहरा झाकून नेतात, तेही यासाठीच. साक्षीदाराने त्याला आधी बघितलं, तर परेडला अर्थ उरत नाही.

पण एक पेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय की ओळख परेड हा मूळ पुरावा नाही. मूळ पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात पटवलेली ओळख, परेड तिला फक्त दुजोरा देते. अनोळखी आरोपीला थेट कोर्टातच पहिल्यांदा ओळखलं, तर तो पुरावा सहसा कमकुवत असतो, हेही न्यायालयांनी म्हटलंय. मानसशास्त्राच्या नजरेतून मात्र क्रम उलटा आहे. कोर्टातली ओळख घटनेनंतर अनेक महिन्यांनी, कधी वर्षांनी होते आणि आरोपी कोण आहे, हे तिथे सगळ्यांना दिसत असतं. सगळ्यात मोलाची असते ती पहिली ओळख.

मग साक्षीदारावर विश्वासच ठेवायचा नाही?

तसं नाही. जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. परेड नीट घेतली असेल, तर पहिल्या ओळखीच्या वेळी व्यक्त केलेली खात्री बरीच भरवशाची असते, असं त्यांना आढळलं. नीट म्हणजे काय? रांगेत संशयित एकच हवा आणि तो उठून दिसता कामा नये. ‘गुन्हेगार यात नसूही शकतो’ हे साक्षीदाराला आधी सांगायला हवं. परेड घेणाऱ्यालाच संशयित कोण हे माहीत नसावं, म्हणजे त्याच्या नजरेतून इशारा जाणार नाही. आणि साक्षीदाराला किती खात्री आहे, हे त्याच वेळी, त्याच्याच शब्दांत नोंदवायला हवं.

उद्या तुमच्यावर वेळ आली तर?

घटनेनंतर जे आठवतंय, ते कुणाशी चर्चा करण्याआधी लिहून काढा. दुसऱ्या साक्षीदाराशी वर्णन जुळवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘हाच तो’ म्हणून आलेले फोटो बघायचं टाळा, कारण एकदा बघितलेला चेहरा मनातून पुसता येत नाही. परेडमध्ये खात्री नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. ‘यात तो नाही’ किंवा ‘मला सांगता येत नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. त्याने तपासाचं नुकसान होत नाही. चुकीच्या ओळखीने मात्र निर्दोष माणूस आत जातो आणि खरा गुन्हेगार बाहेर राहतो.

१९९७ मध्ये जेनिफर आणि रोनाल्ड कॉटन पहिल्यांदा समोरासमोर भेटले. तिने माफी मागितली, त्याने केली. पुढे दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं आणि ओळख पटवण्याची पद्धत बदलावी म्हणून एकत्र भाषणं दिली. पण कॉटन निर्दोष आहे हे कळल्यानंतरही कितीतरी दिवस आपल्या दुःस्वप्नात त्याचाच चेहरा येत होता, असं जेनिफरने सांगितलं आहे.