मावळची मोकळी वाट

प्लेगच्या साथीत, १८९७ साली, सरकारने साथरोगांचा कायदा केला. आगगाडीच्या उतारूंची तपासणी होऊ लागली व प्रवासी म्हटला की तो संशयास पात्र ठरू लागला. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, महाराष्ट्रास पुन्हा त्याच कायद्याचा आधार घ्यावा लागला. त्या वर्षी मावळच्या डोंगरांवर पाऊस पडतच होता; मात्र लोणावळ्यास जाऊन तो पाहण्याची मनाई होती.

हे निर्बंध प्राणरक्षणार्थ होते, हे आम्ही नाकारीत नाही. एप्रिल २०२२ मध्ये ते सर्व उठले. त्यानंतर कार्ल्याचे लेणे पाहताना एक गोष्ट आम्हांस नव्याने उमगली. सुमारे १२४ फूट लांबीचे हे चैत्यगृह कोणा एकट्या राजाचे दान नव्हे. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी आणि धेनुकाकटचे यवन यांची नावे तेथील ब्राह्मी लेखांत आहेत. कोकणची बंदरे व देश यांस जोडणाऱ्या घाटवाटेने माणसे येत-जात, म्हणूनच हा डोंगर कोरला गेला. तेव्हा प्रवास ही केवळ चैन नव्हे. मावळचे वैभव त्यावरच उभे राहिले आहे.

त्या वाटसरूंनी येथे स्तंभ दान केले. आजचे कित्येक सहलकरी धबधब्यापाशी बाटल्या टाकून परततात. घरात कोंडलेले असता ज्या डोंगरांची आपणांस ओढ लागली होती, त्यांस आपण काय देऊन येतो, याचा विचार वाचकांनी अवश्य करावा.