पाहणारा डोळा, दिसणारा डोळा

पनवेलच्या आमच्या जुन्या घरात माझा १९७४ सालचा एक फोटो आहे. चार वर्षांची मी, झालरीचा फ्रॉक, आणि डावा डोळा नाकाकडे वळलेला. शाळेत नाव घालण्याआधीच गल्लीने माझे नाव ‘चकणी’ ठेवले होते. तिरळेपण भाग्याचे असते, असे म्हणून आजी समाधान मानत असे. डोळा वळलेला आहे हे सगळ्यांना दिसत होते. त्या डोळ्याला नीट दिसत नाही, हे मात्र मलासुद्धा ठाऊक नव्हते. पुढे या विषयाचा इतिहास वाचू लागले, तेव्हा कळले की ही गल्लत केवळ आमच्या घरची नव्हती.

आपली भाषाच पाहा. चकणा, तिरळा, हेकणा हे सारे शब्द समोरच्याने चेहरा बघून दिलेले आहेत. मंदावलेल्या नजरेसाठी आलेला ‘आळशी डोळा’ हा शब्द इंग्रजीवरून घेतलेला, आणि त्यातही ठपका डोळ्यावरच. वास्तविक डोळा आळशी नसतो. दोन डोळे दोन दिशांना वळले की मेंदूकडे दोन वेगळी चित्रे जातात. गोंधळ टाळण्यासाठी लहान मुलाचा मेंदू त्यातले एक बाजूला सारतो. नेहमी एकाच डोळ्याचे चित्र असे सारले गेले, तर त्या डोळ्याची नजर घडतच नाही. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असला, तर डोळा सरळ दिसत असूनही हेच घडते, आणि मग तर कोणाला शंकाही येत नाही.

संस्कृत शास्त्रकारांचा ‘काकाक्षिगोलकन्याय’ इथे आठवतो. कावळ्याला एकच बुबुळ असते आणि ते लागेल तसे दोन्ही खोबणींत फिरते, अशी त्यामागची समजूत. ज्यांचा तिरळेपणा आलटून पालटून दोन्ही डोळ्यांत येतो, त्यांचे काहीसे असेच असते आणि त्यांची नजर सहसा दोन्हीकडे शाबूत राहते. माझे बुबुळ मात्र कायमचे उजवीकडे मुक्कामाला गेले.

अठराव्या शतकात जॉन टेलर नावाचा एक इंग्रज नेत्रवैद्य युरोपभर फिरून तिरळेपणा बरा करण्याचा दावा करी. डोळ्याच्या वरच्या पातळ पडद्याला तो किंचित कापल्यासारखे करी आणि रोग्याचा चांगला डोळा बांधून टाकी. चांगला डोळा झाकला की तिरळा डोळा आपोआप सरळ होतो. लोक थक्क होत. पट्टी सुटण्याआधी टेलर पुढच्या गावी गेलेला असे, असे त्याच्या काळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे.

गंमत अशी की खरा उपायही त्या पट्टीतच होता. १७४३ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने मांडले की तिरळेपणाचे मूळ पुष्कळदा दोन डोळ्यांच्या असमान शक्तीत असते. म्हणून सबळ डोळा काही काळ झाकावा आणि दुबळ्याला काम करायला लावावे. पण नाव झाले ते सुरीचे. २६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिनमध्ये योहान डीफेनबाख याने सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्याचा आतला स्नायू कापून डोळा सरळ केला. ईथरची भूल यायला अजून सात वर्षे होती. त्यानंतर युरोपात अशा शस्त्रक्रियांची लाटच आली, आणि कितीएक डोळे आतून सुटून बाहेरच्या बाजूला वळले.

नजर नेमकी कुठे हरवते, हे कळायला विसावे शतक उजाडले. ह्युबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा पहिल्या काही आठवड्यांत बंद ठेवला. नंतर तो उघडला, तरी मेंदूतल्या दृष्टिपेशी त्याला जवळजवळ दाद देईनात. मोठ्या मांजरांत मात्र असे काही झाले नाही. म्हणजे नजर घडण्याला वय असते. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले. त्याच वर्षी आमचा कुलाबा जिल्हा रायगड झाला, आणि मी अकरा वर्षांची होते. तोवर माझी एका डॉक्टरांकडे एकदाच तपासणी झाली होती. “मोठी झाली की जाईल,” असे ते म्हणाले होते.

ते गेले नाही. आजीचे भाग्यही माझ्या लग्नाचे बघू लागेपर्यंतच टिकले. तीन ठिकाणांहून नकार आल्यावर १९९३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. आतला स्नायू सोडवून नेत्रगोलावर थोडा मागे शिवला. डोळा सरळ होईल, नजर येणार नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले होते. त्या शस्त्रक्रियेला मी कमी लेखत नाही. माझ्याशी बोलणारी माणसे, मी कोणाकडे पाहते आहे हे बघायला मागे वळेनाशी झाली, हे सुख लहान नव्हते. पण दप्तरातले जुने कागद मी आजही एका डोळ्याने वाचते, आणि चहा ओतताना किटली कपाच्या काठाला टेकवून घेते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरला झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा होणाऱ्या तपासणीत दृष्टिदोषही पाहिला जातो. पनवेलमध्येही आता डोळ्यांची मोठी रुग्णालये आहेत. सात वर्षांनंतरही काही मुलांची नजर उपचाराने सुधारते, हे २००५ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवले. तरीही जितके लवकर, तितके बरे.

२०१९ मध्ये माझ्या भाचीच्या चार वर्षांच्या मुलीचा उजवा डोळा मी खेळता खेळता झाकला, तर ती रडू लागली. डावा झाकला, तर गप्प. तपासणी झाली, चष्मा आला, उजव्या डोळ्यावर पट्टी आली. रोज पट्टीच्या वेळात आम्ही दोघी मणी ओवत बसायचो. दिवाळीला फोटो काढताना तिची आई म्हणाली, “मावशी, तेवढी पट्टी काढू या का? बरे दिसत नाही.” मी नको म्हटले. पट्टीसकटचा तो फोटो आता माझ्या १९७४ च्या फोटोशेजारी लावला आहे.