मणामागे अडीच रुपये

१८९७. जुलै सरत आलाय आणि तुम्ही विलायतेहून मुंबई बंदरात शिरणाऱ्या बोटीवर आहात. पोलीस कमिशनर व्हिन्सेंट बोटीवर चढतात आणि एका एकतीस वर्षांच्या प्रोफेसरांना गाठतात. हे गोपाळ कृष्ण गोखले. ‘सुधारक’ पत्राची इंग्रजी बाजू त्यांनी लिहिली, सार्वजनिक सभेचं त्रैमासिक चालवलं. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते विलायतेला गेले होते. तिथे असताना ‘मँचेस्टर गार्डियन’मधून त्यांनी जाहीर केलं, की पुण्यात प्लेगच्या झडतीत गोऱ्या सोजिरांनी दोन बायकांवर अत्याचार केला आणि त्यातल्या एकीने जीव दिला. ही माहिती पुण्याच्या पत्रांतून आलेली. आता साहेबाला पुरावा हवा आहे.

पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा खून होऊन महिना उलटलाय, टिळक नुकतेच अटकेत गेलेत. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं फुटली तर त्यांचं काय होईल, हे तुम्हालाही कळतं. गोखले नाव सांगत नाहीत. थोड्याच दिवसांत ते जाहीर, बिनशर्त माफी मागतात. पुणं त्यांना भित्रा म्हणतं. मला मात्र यात धैर्यच दिसतं: सगळा दोष त्यांनी एकट्याने अंगावर घेतला.

आता मार्च १९०२ मध्ये या. जी.आय.पी.च्या गाडीने भांडुप-मुलुंडच्या बाजूला उतरा आणि पूर्वेला खाडीकडे चालत सुटा. इथे इमारती नाहीत, नुसती मिठागरं. उन्हाने डोळे दिपतात, टाचांच्या भेगांत खार झोंबतो. कोंड्यांतलं पाणी आटलंय. आगरी बाया-पुरुष लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढून बांधावर रास लावताहेत. या मिठावर सरकारचा कर मणामागे अडीच रुपये. पिकवायला येणाऱ्या खर्चाच्या कितीतरी पट. रास लावणारी बाई संध्याकाळी पेजेत चिमूटभर मीठ टाकील, तेव्हा तीही तो भरणार.

त्याच महिन्याच्या २६ तारखेला कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात जाऊन बसा. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. तिजोरीत मोठी शिल्लक पडली म्हणून अभिनंदनं चाललेली. आता कौन्सिलाचे सभासद असलेले गोखले उठतात आणि अभिनंदनात सामील व्हायला नकार देतात. शिल्लक भरभराटीची नाही, रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केलेल्या पैशाची आहे, हे ते सरकारच्याच आकड्यांनी दाखवतात आणि मिठावरचा कर उतरवा म्हणतात. या आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशी या हेडमास्तरांचाही अभ्यास आहे. ऐकणाऱ्या एकालाही ‘पुरावा कुठे?’ म्हणता येत नाही. पाच वर्षांपूर्वी बोटीवर याच प्रश्नापुढे ते निरुत्तर झाले होते.

मवाळ म्हणून त्यांना बाजूला सारणाऱ्यांनी पुढचा हिशेब जरूर पाहावा. मिठावरचा कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एका रुपयावर.