आधी हेडफोन, मग कर्णा

हेडफोन ही आजच्या पोरांची चीज, असं आमच्या पिढीतले बरेच जण समजतात. इतिहास शिकवून निवृत्त झालो तरी सनावळी तपासायची खोड गेलेली नाही, म्हणून सांगतो : घरातलं रेडिओ ऐकणं सुरूच मुळी कानाला लावून झालं.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. तेव्हाचा स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना बॅटरी, ना वीज. एरियलच्या तारेत लहरींची जी चिमूटभर ताकद येई तिच्यावरच तो चाले. तेवढ्यात कर्णा कुठला वाजायला? म्हणून हेडफोन. त्यात केसासारख्या तारेचे हजारो वेढे असत, रोध दोन-दोन हजार ओहम. एकाने ऐकायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं!

हा हेडफोन डोक्यावरून उतरवला तो अ‍ॅम्प्लिफायरने. ली द फॉरेस्टने १९०६ साली केलेल्या व्हॉल्व्हमुळे पुढे क्षीण प्रवाहाचा जोरदार प्रवाह करता आला आणि ऐकणं सगळ्या घराचं झालं. मग गावाचं. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ चं. १९५५ च्या रामनवमीला तिथून गीतरामायण सुरू झालं, ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने त्याच केंद्रावरून एक प्रयोग झाला, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळं केली होती. आठवड्यातून दोनदा अर्धा तास एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. ऐकून झाल्यावर बोलायचं, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आमच्या वेल्ह्याच्या खोऱ्यात वीज उशिरा पोचली. १९७० च्या दशकात मी तिकडे नोकरीला होतो, तेव्हा वाड्यावस्त्यांवर ट्रान्झिस्टरच चाले. सेल उतरले की उन्हात ठेवून आणखी चार दिवस काढायचे. बातम्यांच्या वेळी ओटा भरलेला असे. असो.

१९७९ साली जपानच्या सोनीने वॉकमन काढला. त्याच्या पहिल्या मॉडेलला हेडफोनच्या दोन खाचा होत्या, शिवाय एकमेकांशी बोलायला एक बटणही! एकट्यानेच ऐकत बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल, अशी कंपनीच्या अकिओ मोरिता यांना धास्ती होती. लोकांना तसं काही वाटलं नाही. पुढच्या मॉडेलांतून दुसरी खाच गेली.

मला मात्र ती दुसरी खाच आता हवी झाली. हिचे आणि माझे कान सारखे राहिलेले नाहीत. मला पुरेल एवढा आवाज केला की हिच्या डोक्यात घण बसतात, आणि हिच्या बेताचा ठेवला तर मला नुसता तंबोरा ऐकू येतो. रात्रीचं एकत्र गाणं ऐकणं त्यापायी बंदच पडलं होतं. आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो (तुम्हीही तेच आधी करा). मग भोरहून एसटीने बुधवार पेठेतली तापकीर गल्ली गाठली.

दुकानदाराने एका पिनेच्या दोन करणारी स्वस्त वायर दाखवली. पण तीत आवाजाचं बटण एकच राहतं, म्हणजे भांडण कायम. शिवाय भाच्याने दिलेला माझा हेडफोन तीनशे ओहमचा आणि हिचा बत्तीसचा. एकाच तारेवर दोन्ही लावले की हिचा गरजणार, माझा कुजबुजणार. मोबाईलच्या जोरावर तीनशे ओहमवाला नीट हलत नाही, बत्तीसवाल्याला मात्र वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बहुधा लागत नाही. एकट्याने ऐकणाऱ्याने त्यावर पैसे घालण्याआधी हे बघावं.

आम्ही दोन खाचांचा आणि दोन बटणांचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. आम्ही रोज तासभरच ऐकतो. हेडफोन दोन्ही उघड्या पाठीचे निवडले. बाहेरचं ऐकू येतं त्यातून, फोनची घंटाही आणि शेजारच्या खुर्चीतून येणारी दादही.