बेताल हृदयाची मोजदाद

खेडसारख्या तालुक्याच्या गावी ईसीजी सहज निघतो. हृदयाच्या बेताल आकुंचनाचा बारकाईने इको करायचा, तर बहुतेकांना मोठ्या शहराची वाट धरावी लागते. म्हणून ईसीजीवरचा निर्णय कमअस्सल ठरतो का? इकोचा इतिहास तसे सांगत नाही. 1953 साली स्वीडनमधल्या लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी धडधडत्या हृदयाची हालचाल टिपली. पुढे टिश्यू डॉप्लर आले आणि डाव्या कप्प्याची कोणती भिंत किती मिलिसेकंद मागे पडते, हे मोजता येऊ लागले. दोन्ही कप्प्यांना एकाच तालात आणणारा पेसमेकर कोणाला लाभेल, हे आता इकोच सांगेल अशी आशा बळावली. 2008 च्या 'प्रॉस्पेक्ट' अभ्यासाने ती मोडली: इकोच्या 12 मापांपैकी एकही भरवशाचे निघाले नाही. 2013 चा 'इकोसीआरटी' तर मुदतीआधीच थांबवावा लागला. इकोत बेतालपणा, पण ईसीजीतला क्यूआरएस, म्हणजे कप्प्यांच्या आकुंचनाची विद्युत खूण, 130 मिलिसेकंदांहून, म्हणजे कागदावरच्या सव्वातीन बारीक चौकटींहून अरुंद, अशा रुग्णांना या पेसमेकरचा लाभ झाला नाही. उलट मृत्यू अधिक दिसले.

मग इको हवा कशाला, हा आक्षेप रास्त आहे. हृदयाचा पंप 35 टक्क्यांवर उतरला आहे का, झडपा कशा आहेत, हे तोच दाखवतो. डाव्या बंडल शाखेत अडथळा असेल तर मधला पडदा आधीच आत झटका खातो आणि बाहेरची भिंत मागाहून येते, हेही जाणत्या डोळ्याला पडद्यावर दिसते. पण दम लागणाऱ्या, क्यूआरएस रुंदावलेल्या खेडच्या रुग्णाला हृदयतज्ज्ञाकडे धाडायला मिलिसेकंदांच्या त्या मापांसाठी थांबायचे कारण नाही. गावात निघालेली ईसीजीची पट्टी त्यासाठी पुरेशी आहे.