याद आणि खुर्दा

इतिहासाच्या ग्रंथांत लढायांना जागा मिळते, तहांना मिळते, राजघराण्यांच्या वंशावळींनाही मिळते. परंतु ज्या कागदावाचून यांपैकी एकही गोष्ट तडीस जात नाही, त्या कागदाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. हा कागद म्हणजे यादी. फौजेला दाणावैरण लागते, मुदपाकखान्याला तूपमीठ लागते, वाड्यातल्या मंगलकार्याला पानसुपारी लागते. आणि हे सारे आणावयाचे तर आधी कोणी तरी बसून काय, किती व कोणासाठी हे लिहून काढावे लागते. आमच्यापैकी ज्यांचे आयुष्य दिल्लीच्या कचेऱ्यांत टिपणे लिहिण्यात गेले, त्यांना हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. तरीही या सामान्य कागदाचा दिल्लीशी आणि आम्हां मराठी माणसांशी जो जुना संबंध आहे तो एकदा तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'याद' हा मूळचा फारसी शब्द असून त्याचा अर्थ स्मरण. हिंदीने तो त्याच अर्थी ठेवला आणि याद्यांसाठी 'सूची' व 'फेहरिस्त' हे शब्द वापरले. मराठीने मात्र स्मरणाला कागदावर उतरविले. दिल्लीचा माणूस 'याद' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कोणी दूरचे माणूस उभे राहते. आमच्या जुन्या दप्तरांतील कारकून 'याद' लिहितो तेव्हा त्याखाली कलमे सुरू होतात. लग्न ठरले की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी देण्याघेण्याच्या 'याद्या' करीत, त्या याच अर्थाने. जे तोंडी राहिले ते विसरले जाईल किंवा नाकारले जाईल, म्हणून ते लिहावे, हा व्यवहार या एका शब्दात सामावला आहे.

दिल्लीपुरते बोलावयाचे तर बाजाराची पहिली मोठी यादी अल्लाउद्दीन खिलजीच्या नावावर जमा करावी लागेल. १२९६ साली देवगिरीच्या रामदेवरावाकडून अपार द्रव्य घेऊन गेलेला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या तख्तावर बसलेला हाच तो सुलतान. मोठी फौज थोड्या पगारात पोसावयाची तर धान्य स्वस्त राहिले पाहिजे, हे ओळखून त्याने जिनसांचे भाव ठरवून दिले. झियाउद्दीन बरनीने ते नोंदून ठेवले आहेत. गहू मणाला साडेसात जितल, जव चार, तांदूळ, हरभरा व उडीद पाच-पाच, मठ तीन. तत्कालीन मण पुढील काळातील मणाहून पुष्कळ लहान होता, हे मात्र ध्यानात ठेवावे. कापडासाठी बदायूं दरवाज्याच्या आत 'सराय-ए-अदल' नावाचा निराळा बाजार होता, आणि उंची वस्त्रे घेणाराला परवाना लागे.

परंतु भावांचा तक्ता लावणे निराळे आणि त्याप्रमाणे माल मिळणे निराळे. यावर सुलतानाने योजलेला उपाय मोठा चमत्कारिक आहे. भावांची खबर तो एकाच वाटेने घेत नसे. बाजाराचा शहाना, बातमीदार बरीद आणि गुप्त हेर यांच्याकडून ती रोज वेगवेगळी येई व एकमेकींशी ताडून पाहिली जाई. शिवाय कबुतरखान्यातील लहान पोरांच्या हाती थोडे पैसे देऊन तो त्यांना बाजारात धाडी. एकाने रोटी आणि भाजलेले मांस आणावे, दुसऱ्याने हलवा, तिसऱ्याने खरबूज किंवा काकडी. पोरे परतली की माल तोलला जाई. जितके वजन कमी भरे तितके मांस दुकानदाराच्या अंगाचे कापावे, अशी शिक्षा होती. या क्रौर्याचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु राज्याची सारी यंत्रणा अखेर एका पोराच्या सौद्यावर येऊन टेकली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. राजाने आपला हुकूम खरा ठरला की नाही हे पाहण्यासाठी घरातला मुलगा वाण्याकडे पाठवावा, तसेच हे झाले.

याच्या सुमारे तीनशे वर्षांनी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त याद्यांचा जो थाट मांडला, त्यास तोड नाही. गहू मणाला बारा दाम, जव आठ, मूग अठरा, तूप एकशे पाच. आणि चाळीस दामांचा एक रुपया. भाजीपाला, मसाले, फळे, लाकूड, चुना, हत्तीचा चारा, कशाचाही भाव त्याने सोडला नाही. खिचडीसाठी तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी पाच शेर व मीठ एक तृतीयांश शेर, एवढे घेतले म्हणजे सात ताटे होतात, इतका बारीक तपशील त्यात आहे. पाच शेर डाळतांदळाला पाच शेर तूप हे वाचून आमच्या गृहिणी काय म्हणतील तो भाग वेगळा! बादशहाचे ताट आत जाई तेव्हा त्यासोबत सर्व पदार्थांची व भांड्यांची लेखी यादी जाई, आणि मीर बकावलाचा शिक्का तिच्यावर असे. वाटेत कोणी पदार्थ बदलू नये, विष कालवू नये, म्हणून ही खबरदारी. म्हणजे यादी ही केवळ विसरभोळ्याची सोय नव्हे. पाठविणारा आणि घेणारा यांच्यामध्ये जे जे हात असतात, त्यांच्यावरची ती देखरेख आहे.

मराठी राज्याने हे तंत्र उचलले आणि आपलेसे केले. खजिना, जामदारखाना, अंबरखाना, मुदपाकखाना, फरासखाना, पिलखाना असे अठरा कारखाने ही त्याची साक्ष. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' करविला. त्याच्या दहा वर्गांत 'लेखनवर्ग' आहे तसाच शेवटी 'पण्यवर्ग', म्हणजे बाजाराचा वर्गही आहे. राजाच्या भाषासुधारणेला वाण्याच्या दुकानापर्यंत जावे लागले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आणि कोश होऊनही 'याद' मात्र मराठीतून गेली नाही. पुढे पेशवाईत तर याद लिहिणे ही विद्याच झाली. आधी मथळा, मग कलमवार रकमा, प्रत्येक रकमेचा तपशील आणि खाली बेरीज. हे सारे मोडीत, हात न उचलता. ज्या पदाने पुढे राज्य चालविले ते फडणिशीचे पद. आणि 'फडणीस' हा शब्द 'फर्दनवीस' यापासून, म्हणजे फर्द किंवा यादी लिहिणारा यावरून आला, असे कोशकार मानतात.

या विद्येची सर्वांत कठोर परीक्षा दिल्लीच्या परिसरातच झाली. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवराव भाऊंनी दिल्ली घेतली. शहर हाती आले, पण तिजोरी रिकामी. दिवाण-ए-खासच्या छताचा रुपेरी पत्रा काढून त्याची नाणी पाडली, ती सुमारे नऊ लाख रुपयांची भरली. एवढ्या फौजेच्या खर्चापुढे ती रक्कम फार दिवस पुरणारी नव्हती. सैन्याबरोबर बायकामुले होती, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. हजारो तोंडे खाणारी, पण लढणारी नव्हेत. पुढे पानिपतावर वेढा आवळत गेला तसतशी कलमे होती तितकीच राहिली आणि जिन्नस मात्र आटत गेले. अंतर्वेदीतून रसद व पैसा पोहोचविण्याचा आणि शत्रूची रसद तोडण्याचा भार गोविंदपंत बुंदेल्यांवर होता. डिसेंबरात गाझियाबादेजवळ जलालाबादेच्या बाजूस अफगाणांनी त्यांना अवचित गाठून ठार केले. आज दिल्लीहून तासाभरात जेथे जाता येते, तेथेच पानिपतच्या छावणीची चूल विझली, असे म्हटले तरी चालेल. १४ जानेवारी १७६१ रोजी जी फौज रणांगणात उतरली ती उपाशी होती.

त्या पराभवाची बातमी दक्षिणेकडे कशी गेली हे सर्वश्रुत आहे. नानासाहेब पेशवे भेलशाच्या बाजूस असताना एका सावकारी पेढीचे पत्र त्यांच्या हाती आले. त्यात लढाईचे नाव नव्हते. हिशेबाच्या भाषेत इतकेच होते की दोन मोत्ये गेली, इतक्या मोहरा हरवल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची गणती लागत नाही. मोत्ये म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. हे पत्र पुन्हा पुन्हा सांगितले जाते ते त्यातल्या मोत्यांसाठी. आम्हांला त्यातील शेवटचे कलम अधिक बोचते. सावकाराची यादी ती. दमडीचाही हिशेब लावल्यावाचून तिची बेरीज होत नाही. आणि तीच यादी खुर्द्यापाशी येऊन थांबली. त्या खुर्द्यात कोण होते? शिपाई होते, पाणके, आचारी, बैलवाले होते, आणि पुष्कळशा बायका होत्या. ज्याने पुढे फडणीस म्हणून मराठी राज्याचा पै-पैचा हिशेब ठेवला, तो नाना त्या वेळी विशीच्या आतबाहेरचा असून पानिपतावरच होता. तो वाचला, त्याची पत्नी वाचली. मातोश्री मात्र त्या पळापळीत अंतरल्या. याद्या लिहिणाऱ्या घराण्यातील ही बाईही अखेर त्या न मोजलेल्या खुर्द्यातच गेली.

राज्याच्या याद्या टिकल्या, हे आपले भाग्य. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांतून गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. अशा कागदांतील खर्चाची कलमे वाचूनच कोणत्या साली पुण्यात काय महाग होते, कोणत्या सणाला काय वाटले गेले, हे आपण आज सांगू शकतो. परंतु ज्या घरांची दप्तरे नव्हती, त्यांच्या कोठीत काय होते हे आपणांस कोण सांगणार?

आणि गंमत अशी की आजचे दिल्लीतील राज्यही अशाच घरगुती यादीवर उभे आहे. केंद्र सरकारच्या नोकराला मिळणारा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहकमूल्य निर्देशांकावरून ठरतो. २०१६ हे आधारवर्ष धरून २०२० साली जी नवी मालिका आली, तीत ८८ केंद्रांतून भाव गोळा केले जातात आणि जिन्नस आहेत ४६३. तांदूळ, गहू, तेल, दूध, कापड, घरभाडे. या यादीत ज्या जिनसेला जितके वजन, तितका तिच्या महागण्याचा भार आपल्या भत्त्यात दिसतो. अल्लाउद्दीनने भाव बांधून पगार कमी ठेवला; आजचे सरकार भाव मोजून पगार वाढविते. धोरण उलटे झाले, पण कागद तोच राहिला.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे वळू. १९६३ साली केंद्रीय भांडार सुरू झाले, १९६६ साली कॅनॉट प्लेसला सुपर बाजार उघडला. बदली होऊन आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांची वाणसामानाची यादी या दुकानांत फिरली. सुपर बाजार २००२ साली बंद पडला. त्या याद्या कशा असत? यादीतला शब्द आणि बाजारातला शब्द यांचा मेळ बसत नसे, म्हणून गृहिणी दोन रकाने करीत. तूरडाळ म्हणजे अरहर, साखर म्हणजे चीनी, चाकवत म्हणजे बथुआ, पडवळ म्हणजे चिचिंडा. सगळ्यांत फसगत सीताफळाची. दिल्लीचा भाजीवाला 'सीताफल' म्हणून लाल भोपळा तोलून देई, आणि आपले सीताफळ तेथे शरीफा होऊन बसलेले असे. शेवटी काही कलमे अशी उरत की त्यांच्यापुढे दुसरा रकाना कोराच राही: आमसुले, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी. ती पुण्यामुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या यादीत जात.

हा दुसरा रकाना म्हणजे एका समाजाचा परप्रांतातील इतिहासच आहे. कोणत्या साली कोरी जागा भरली, आमसुले दिल्लीत केव्हा मिळू लागली, घरात पोळीच्या जोडीला छोले-राजमा कधी आले, मुलांनी 'कोथिंबीर' टाकून 'हरा धनिया' केव्हा उचलला, हे सांगणारा दुसरा कागद नाही. आपल्या सभासंमेलनांची इतिवृत्ते आहेत, गणेशोत्सवांचे अहवाल आहेत, बदल्यांचे हुकूम सरकारदप्तरी आहेत. ही झाली मोत्ये आणि मोहरा. ज्या बाईने तीस वर्षे पगाराच्या तारखेस बसून घराचा महिना आखला, तिच्या हातचा कागद मात्र सामान आले की त्याच पिशवीबरोबर केरात जातो. तिच्या कारभाराची ती एकच लेखी खूण असते.

आम्ही काही मोठे संग्रहालय उभारा असे सुचवीत नाही. ज्यांच्या घरी जुनी जमाखर्चाची वही, एखादी लग्नाची याद किंवा कपाटाच्या तळाशी दडलेला वाणसामानाचा कागद असेल, त्यांनी त्यावर साल आणि गाव लिहून तो फाइलीत लावावा. फाइल कशी लावावी हे आपल्या वाचकवर्गास शिकविण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी तसे काही उरले नसेल, त्यांनी आईला किंवा आजीला विचारून त्या दोन रकान्यांतील जेवढे आठवेल तेवढे लिहून घ्यावे. पानिपतच्या खुर्द्याची गणती आता लागणे नाही. दिल्लीतल्या आपल्या खुर्द्याची अजून लागू शकते.