वज्रेश्वरीची कुंडे आणि दुखरी कंबर

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला आणि, परंपरा सांगते त्याप्रमाणे, नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे किल्ल्यासारखे भक्कम मंदिर उभारविले. जवळच तानसेच्या काठी अकलोली-गणेशपुरीची उष्ण कुंडे आहेत. कंबर धरली की त्या पाण्यात बसावे, हा या मुलखाचा जुना उपाय. श्रेय गंधकाला दिले जाते. माझ्या मते खरे काम उष्णतेचे. स्नायू सैलावतात, पण आराम तात्पुरताच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीचे शस्त्रक्रियाविरहित उपचार पारखले. व्यायाम, मसाज, रुग्णशिक्षण यांची शिफारस झाली. घरोघरी दिसणारा कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र नाकारले गेले. आजोबांना कुंडावर अवश्य न्यावे. मंदिराच्या पायऱ्या मात्र, झेपतील तितक्या, त्यांना स्वतःच चढू द्याव्यात.